माझा हात आला की तुझा गेला

रविवार, २ मार्च

सनदनं मॉन्ट्रियलहून ही वही पाठवली. आत चिठ्ठी : "बाबा, अडतीस वर्षं तुम्ही नुसते उड्डाणाचे तास लिहिलेत. आता जरा मनातलं लिहा." मनातलं! मनातलं लिहायला निवांतपणा लागतो, आणि इथं सकाळी सहापासून पोरं माझ्या डोक्यावर बसलेली असतात. पण कागद जाड आहे, वाया घालवायला जिवावर येतं. म्हणून लिहितो.

तर मी मुनीफ. लोकांचा अबू सनद, म्हणजे सनदचा बाप. वय एकसष्ट. अम्मानबाहेरच्या एका छोट्या शाळेत विमान चालवायला शिकवतो. आजवर एकशे बारा जण माझ्या हाताखालून गेले. त्यातले निम्मे आता मोठाली विमानं उडवतात आणि ईदला आठवणीनं फोन करतात. माझ्या विमानाला अजून एकही ओरखडा नाही. हे मी गर्वानं लिहीत नाही. बरं, गर्वानंच लिहितोय, स्वतःच्या वहीत खोटं कशाला?

आज जिन्याच्या शेवटच्या पायरीवर पाय चुकला. कंत्राटदारानं पायऱ्या एका मापाच्या केलेल्याच नाहीत. माझी बायको, उम्म सनद, म्हणते, "अहो, बावीस वर्षं झाली या घरात, पायरी काय आज वाढली?" या बाईला प्रत्येक गोष्टीत बोलायलाच हवं.

बुधवार, ५ मार्च

दानियाला आज पाच वेळा विमान उतरवायला लावलं. ही पोरगी सल्त गावची. वडिलांची, अबू हमदींची, तिथं रोट्यांची भट्टी आहे. हिच्या डब्यात रोज ज़ातरचा मसाला लावलेली रोटी असते आणि अख्खी शाळा त्या डब्यावर टपलेली असते. पाच महिन्यांपूर्वी अबू हमदी तिला घेऊन आले तेव्हा माझ्यासमोरच तिला बजावलं होतं, "अबू सनद शिकवणार म्हणून पाठवतोय. पण एक अपघात, एकच, आणि तू घरी." मी म्हटलं, "माझ्याकडं अपघात होत नाहीत."

पोरीचा हात हलका आहे. घाबरत नाही, बडबडत नाही. येत्या रविवारी नाही, पण त्याच्या पुढच्या रविवारी तिला एकटीला उडायला सोडणार.

शिकणारा डावीकडं बसतो, मी उजवीकडं. दोघांपुढं एकेक दांडा, आतून जोडलेले. एक हलला की दुसरा हलतो. पुस्तकात लिहिलंय, दांडा घेणाऱ्यानं मोठ्यानं म्हणायचं, "मी घेतलं." सोडणाऱ्यानं म्हणायचं, "तुम्ही घेतलंत." पहिल्यानं पुन्हा म्हणायचं, "मी घेतलं." मगच हात काढायचा. नाटकातले संवाद आहेत की काय!

दानिया म्हणाली, "काका, तपासनीस म्हणत होते, दर वेळी म्हणायलाच हवं."

मी म्हटलं, "अगं, बाप मुलीच्या हातातली पिशवी घेताना तीन तीन वेळा दवंडी पिटतो का? माझा साधा नियम. माझा हात आला की तुझा गेला."

"बरं, काका."

तिला कुठलीही गोष्ट एकदाच सांगावी लागते. बाकीच्यांना सांगून सांगून माझा घसा बसतो.

मंगळवार, ११ मार्च

वैद्यकीय तपासणी झाली. दर सहा महिन्यांचं ते एक झेंगट. पण डॉक्टर नझीह आणि मी शाळेत एका बाकावर होतो, त्यामुळं निम्मा वेळ मास्तरांच्या नकला करण्यात जातो. डोळ्यांच्या तक्त्यापुढं उभं केल्यावर त्यानं एक डोळा झाकायचा चमचा पुढं केला आणि लगेच मागं घेतला. "जाऊ दे. तुला काय झाकायला लावू? मलाच लाज वाटते. वाच दोन्ही डोळ्यांनी."

घडाघडा वाचलं. अगदी खालची ओळसुद्धा. त्यानं शिक्का मारला आणि चहा सांगितला.

संध्याकाळी येताना समोरच्या गाड्यांचे दिवे फुटल्यासारखे पसरत होते. यंदा वाऱ्यात धूळ फार.

शनिवार, १५ मार्च

डाव्या हातानं लिहितोय. अक्षर पहिलीतल्या पोराचं. पण लिहायलाच हवं, नाहीतर डोकं फुटेल.

गुरुवारी विमान मोडलं. दोघंही वाचलो. तिच्या कपाळावर तीन टाके, माझं उजवं मनगट गेलं. विमानाचं पुढचं चाक तुटलं, पंखा वाकला. अडतीस वर्षांत पहिल्यांदा.

दुपारी चारची वेळ. ऊन समोरून, त्यात धूळ. दानियानं चार वेळा झकास उतरवलं होतं. पाचव्यांदा धावपट्टी जवळ आली, सगळं ठीक होतं, आणि एकदम जमीन अंगावर आली. मी पाहिली, अगदी चाकाला टेकलेली. मग विमानाचं नाक वर गेलं, इतकं वर की समोर नुसतं आभाळ. विमान क्षणभर हवेत लटकलं आणि दगडासारखं खाली आलं. नंतर फरफट, डांबराचा वास, शांतता. अजून तीन-चार मीटर उंची होती, असं मनोऱ्यातला माणूस म्हणाला. मनोऱ्यात बसून काय कळतं!

पोरीनं घाबरून नाक ओढलं. दुसरं काय असणार? माझा हात नेहमीसारखा दांड्याजवळ होता, पण तेवढ्यात काही करता आलं नाही.

बाहेर काढल्यावर ती वाळूत बसली होती, कपाळातून रक्त गळत होतं, आणि मला विचारत होती, "काका, तुम्हाला लागलं का?" मी तिच्यावर ओरडलो. काय ओरडलो ते लिहीत नाही. ती खाली बघत राहिली.

मंगळवार, १८ मार्च

हाडाचे डॉक्टर तरुण आहेत, म्हणून शहाणे आहेत. फोटो बघून म्हणाले, "गाडी ठोकली का? चाक गच्च धरून बसलेल्या ड्रायव्हरचं मनगट असंच मोडतं." मी म्हटलं, "साहेब, मी काही धरलेलं नव्हतं." ते म्हणाले, "मग फोटो खोटं बोलतोय." फाजील.

चौकशीचे अधिकारी घरी येऊन गेले. मी सांगितलं : विद्यार्थिनीनं नाक वेळेआधी आणि जास्त ओढलं. डाव्या हातानं सही केली. त्यांनी दानियाचा जबाब दाखवला. चारच ओळी. तिसरी ओळ अशी : "पट्टी जवळ आल्यावर मी दांड्यावरचा हात काढला." मी कपाळावर हात मारला. उतरताना हात काढला! पाच महिने काय शिकवलं मी हिला? आणि माझ्यावर काही ढकललं नाही, धुळीवर नाही, उन्हावर नाही. चूक निमूट पदरात घेतली. पोरगी प्रामाणिक, एवढं मात्र म्हणेन.

उम्म सनद पलीकडून म्हणाली, "हात काढला तर नाक वर कसं जाईल हो?"

"तुला विमानातलं काय कळतं?" मी म्हटलं.

"काही नाही. म्हणूनच विचारतेय."

शुक्रवार, २८ मार्च

आज आमच्याकडं जाहा आली, म्हणजे समेट मागायला वडीलधाऱ्यांचं मंडळ.

दानियाचे वडील आणि त्यांच्या घराण्यातली सहा वडीलधारी माणसं, जुम्म्याची नमाज उरकून थेट सल्तहून. दानिया आणि घरातल्या बायका आत उम्म सनदकडं गेल्या. पुढं तिचे चुलत आजोबा, हाज मुस्लिह, पंचाऐंशी वर्षांचे, काठी टेकत. मी सगळ्यांना बसवलं. अशा वेळी यजमानानंच कॉफी ओतायची असते, म्हणून प्लास्टरमधल्या बोटांत कप धरला, दल्ल्यातून, म्हणजे चोचीच्या किटलीतून, ओतली आणि हाजना दिली. निम्मी कॉफी कपाच्या बाहेर, हाजच्या अंगरख्यावर. माझं तोंड लाल झालं. "हे प्लास्टर!" मी म्हटलं. हाज हसून म्हणाले, "कॉफी सांडली की भलं होतं, अबू सनद." पुन्हा ओतली. त्यांनी कप घेतला, आणि न पिता समोर ठेवला.



हाज म्हणाले, "आम्ही कॉफी प्यायला आलेलो नाही. आमच्या लेकीच्या हातून तुमचा हात मोडला, तुमच्या नावाला डाग लागला. तुम्ही म्हणाल ते देऊ. पण आम्हाला मोकळं केल्याशिवाय ही कॉफी आमच्या घशाखाली उतरायची नाही."

अबू हमदी भट्टीनं भाजलेले हात मांडीवर ठेवून बसले होते. शेवटी म्हणाले, "ती परत विमानाला हात लावणार नाही. माझा शब्द."

मी कपाकडं बोट दाखवलं. "प्या तुमची कॉफी. लहान आहे, चुकली. माझ्या मनात काही नाही."

सगळ्यांनी कॉफी प्यायली, अबू हमदींनी माझ्या खांद्याचं चुंबन घेतलं, त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मला फार बरं वाटलं. माणसानं मन मोठं ठेवावं, माझे वडील म्हणायचे.

जाताना दानिया आतल्या खोलीतून बायकांबरोबर बाहेर आली. मला वाटलं, येऊन काहीतरी म्हणेल. ती माझ्याकडं बघतच नव्हती. हाजच्या अंगरख्यावरचा डाग बघत होती, कितीतरी वेळ. शरमली असणार.

सोमवार, ३१ मार्च

घरात भांडण. कारण क्षुल्लक.

उम्म सनद म्हणाली, "प्लास्टर उजव्या हाताला आहे ना?"

"हो. मग?"

"कॉफीचा दल्ला डाव्या हातात होता. नेहमीसारखा. ओतलंत तुम्ही डाव्यानंच. मग सांडली कशी?"

"उजव्यातला कप हलला!"

"कप नाही हलला. मी दारात उभी होते. तुम्ही कपाच्या शेजारी ओतलीत."

मी म्हटलं, "नाचता येईना अंगण वाकडं, तसं करतेस तू. स्वयंपाकात मीठ जास्त पडलं की माझ्या जिभेला नावं ठेवतेस!"

ती शांतपणे म्हणाली, "अंगण कोण वाकडं म्हणतंय, बघा. पायरी वाकडी, धूळ वाकडी, प्लास्टर वाकडं." मग भांडी आवरता आवरता म्हणाली, "आणि त्या पोरीनं मला आत काय सांगितलं माहितेय? म्हणाली, काकू, प्लास्टर निघालं तरी काकांना गाडी चालवू देऊ नका."

"का म्हणे?"

"विचारलं मी. गप्प बसली."

मी ताटावरून उठलो. माझ्या शिकाऊ पोरीनं माझ्या बायकोला सांगावं! राग आला, एवढंच. पण राग आला तर झोप का येत नाही, ते कळत नाही.

बुधवार, २ एप्रिल

काय झालं ते जसं झालं तसंच लिहितो.

दुपारी मसुराचं सूप होतं. लिंबू पिळताना रस उडून डाव्या डोळ्यात गेला. झोंबलं. मी डावा डोळा मुठीनं दाबून धरला आणि म्हटलं, "पाणी दे." उम्म सनद समोरच बसली होती.

ती समोर नव्हती. टेबलापलीकडं एक पिवळट धुकं होतं आणि त्या धुक्यातून तिचा आवाज आला, "हे घ्या पाणी." पेला कुठं आहे ते मला दिसेना. मी हात पुढं केला तो सूपात गेला.

मूठ काढली. ती समोर होती, पेला घेऊन. पुन्हा डावा डोळा झाकला. धुकं. मूठ काढली. ती. पाच-सहा वेळा केलं. ती सगळं बघत होती. मग माझा सूपानं भरलेला हात हातात घेऊन पुसत बसली.

मला भीती वाटली. अडतीस वर्षांत विमानात वाटली नव्हती ती भीती जेवणाच्या टेबलावर वाटली.

गुरुवार, ३ एप्रिल

नझीहकडं गेलो. म्हटलं, "चमचा काढ."

त्यानं डावा डोळा झाकला. "वाच."

"काय वाचू? तक्ता कुठं आहे?"

उजव्या डोळ्यात मोतीबिंदू, चांगला पिकलेला. ऑपरेशननं जाईल म्हणाला. वर्षभर तरी एकाच डोळ्यावर भागवतोयस, म्हणाला. आणि एका डोळ्याला अंतर कळत नाही, हे मी पोरांना पहिल्या आठवड्यात शिकवतो. नझीह डोकं धरून बसला. "मी तुला झाकायला लावायला हवं होतं, मुनीफ. तुझा मान ठेवायला गेलो." मी म्हटलं, "माझा मान सगळ्यांनीच ठेवला."

टॅक्सीत बसलो आणि सगळं आठवलं. आठवलं म्हणजे काय, ते कुठं गेलेलंच नव्हतं, मी तिकडं बघत नव्हतो. दांड्याचं रबर माझ्या तळव्यात. जमीन अंगावर आली आणि मी ओढला, अंगातला सगळा जोर लावून. आणि शेजारी तिचा डावा हात, दांड्यावरून उठलेला, उघडा, मांडीवर ठेवलेला. ती बरोबर उतरवत होती. माझा हात आला आणि तिचा गेला, सांगितल्याप्रमाणे, एकदाच सांगितल्याप्रमाणे.

मी तिच्यावर काय ओरडलो ते आता लिहितो. म्हणालो होतो, "भट्टीवाल्याच्या पोरीनं रोट्याच भाजाव्यात." वहीत खोटं कशाला?

टॅक्सी चौकशीच्या कार्यालयाकडं वळवली. जबाब बदलला. माझा परवाना टेबलावर ठेवला. अधिकारी म्हणाले, "कॅप्टन, घाई करू नका, नीट विचार करा." मी म्हटलं, "तीन आठवडे झाले, आता विचार कसला करायचा? लिहा."

शुक्रवार, ४ एप्रिल

सल्तला जाऊन आलो. जाहा म्हणावी तर आम्ही तिघंच. मी, नझीह आणि उम्म सनद. गाडी तिनं चालवली. चढाच्या गल्लीत तिनं माझा दंड धरला आणि मी सोडवून घेतला नाही.

बैठकीत हाज मुस्लिह होते, अबू हमदी होते, शेजारचे चार-पाच जण. अबू हमदी आनंदले, त्यांना वाटलं पोरीची विचारपूस करायला आलो. लगेच कॉफी आली. त्यांनी स्वतः ओतून दिली. मी कप समोर ठेवला.

अबू हमदींचा चेहरा उतरला. "काय झालं, अबू सनद? आमचं काही चुकलं?"

मी सगळं सांगितलं. डोळा, दांडा, माझा हात. मोठ्यानं सांगितलं, कारण हाजना कमी ऐकू येतं.  नझीहनं चमच्याचं सांगितलं. 

अबू हमदी उठून उभे राहिले. "आम्ही तुमच्या घरी मान खाली घालून आलो. तुम्ही आम्हाला माफ केलंत. कशाबद्दल माफ केलंत?"

त्यांनी आतल्या दाराकडं बोट केलं.

"तीन आठवडे माझी पोरगी पहाटे माझ्याबरोबर पीठ मळतेय. मी तिच्याशी धड बोललो नाही! पंचाऐंशी वर्षांच्या म्हाताऱ्याला मी तुमचे जिने चढायला लावले!"

हाज म्हणाले, "बस, पोरा. त्यांची कॉफी थंड होतेय. त्यांना काय हवंय ते तर विचार."

मी म्हटलं, "माफी मागायचं तोंड नाही मला. तिला परत पाठवा. दुसरा चांगला शिकवणारा आहे, मी बोललोय त्याच्याशी. तुमचा शब्द मी खोट्यावर घेतला, तो परत देतोय. तुम्ही हो म्हणेपर्यंत ही कॉफी मला चालायची नाही."

अबू हमदींनी दाराकडं पाहून हाक मारली, "दानिया!"

ती आली. बाह्या वर सरकवलेल्या, कोपरापर्यंत पीठ. कपाळावरच्या टाक्यांची खूण अजून लाल आहे. तिनं सगळं ऐकलेलं होतं.

मी विचारलं, "तू बोलली का नाहीस, बाळ?"

"काय बोलणार होते, काका? तुमच्या त्या एकशे बारा जणांना काय सांगणार होते?" तिनं हातावरचं पीठ झटकलं. मग म्हणाली, "पण राग आला होता. रोज येतो. पीठ मळताना जास्त येतो."

"येऊ दे," मी म्हटलं. "तो तुझा हक्क आहे."

अबू हमदी भिंतीकडं बघत उभे होते.  मग तसंच बघत म्हणाले, "रविवारी सहाला पोचायचं म्हणजे पाचला निघावं लागेल. भट्टी तुझा भाऊ हमदी बघेल." आणि मग, "दे त्यांना कॉफी. ती थंड ओतून टाक."

तिनं हात धुतले. नवा कप भरला आणि माझ्यासमोर धरला. मी हात पुढं केला, तो कपाच्या अलीकडंच मिटला. ती हलली नाही. मी पुन्हा चाचपडलो आणि बोटांना कप लागला. धरला. तिनं सोडला नाही. वाट बघत राहिली, माझ्या तोंडाकडं बघत. बाकीच्यांना काही कळेना. मला कळलं.

"मी घेतलं," मी म्हटलं.

"तुम्ही घेतलंत," ती म्हणाली, मोठ्यानं.

"मी घेतलं."

मग तिनं हात काढला, आणि मी कॉफी प्यायलो.